तीस वर्षांचा शोध

बँकेच्या मुलाने तीन नावं दिली.
स्टेपल केलेला कागद, नावापुढे मोबाइल नंबर.
"कर्ज इकडे आणा मॅडम, सव्वा टक्का वाचते.
वकील यातला कोणताही घ्या,
रिपोर्ट सगळे सारखाच देतात."

सव्वा टक्का म्हणजे महिन्याला दोन हजार एकशे चाळीस.
मी ते दुधाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं,
तारखांपेक्षा मोठ्या अक्षरात.

पहिले सदरचे गिरीपुंजे.
एसी असा की नागपुरात, मे महिन्यात, शाल आठवावी.
फाइल त्यांनी तळहातावर तोलली
मेथीची जुडी तोलतात तशी.
"होऊन जाईल वहिनी. मंगळवारी न्या."
फाइलची दोरी सुटली नव्हती.
हेमराज खूश. "पाहिलं? असा पाहिजे माणूस."

दुसरे छाजेड भेटलेच नाहीत.
त्यांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर फी पाठवली
आणि जोडलेले दोन हात.

तिसरं नाव रेवती चापले.
महालात, पिठाच्या गिरणीवरची माडी,
दळण चालू असलं की जिना थरथरतो.
टेबलावर, फायलींवर, तिच्या भुवयांवर
पिठाचा पातळ थर.
तिने चहा विचारला नाही, वहिनी म्हटलं नाही.
दोरी सोडली आणि वाचायला लागली,
बोट ठेवून, ओठ हलवत,
पहिलीतलं पोर वाचतं तसं.
खाली सहा दळणं झाली. मी मोजली.
हेमराजचे तीन फोन आले:
"काऊन बसून राहिली तिथं? गिरीपुंजेले देऊन टाक ना."

मग तिने चष्मा वर केला.
"मागच्या बँकेने तेरा वर्षांचाच शोध काढला होता.
मी तीस काढते.
प्लॉट सासऱ्यांचा. ते गेले दोन हजार चारला.
ही रेशन कार्डाची झेरॉक्स फाइलमध्ये कोणी लावली, देव जाणे,
पण हिच्यावर चार नावं आहेत.
एक गेलं, राहिली तीन.
आखीव पत्रिकेवर दोनच.
ही कुंदा कोण?"

खाली गिरणी थांबली.
सोळा वर्षं मी त्या घरात केर काढते.
कुंदा हे नाव एकदाच ऐकलं होतं,
सासूबाई तापात बडबडत होत्या तेव्हा.
नंतर मला सांगण्यात आलं,
गावाकडच्या गाईचं होतं ते.

घरी येऊन विचारलं.
हेमराज कूलरमध्ये पाणी सोडत होता.
सोडत राहिला. टाकी भरली, वाहिली,
पाणी दिवाणाखाली गेलं.
"गोंदियाले असते," तो म्हणाला.
"तिची सही कायले पाहिजे?
गिरीपुंजेनं तर काही विचारलं नाही."

तेच ना.

दुसऱ्या दिवशी महालात फी भरली.
गिरीपुंजेंपेक्षा अडीच हजार जास्त,
पहिल्या महिन्याची बचत गेली, वर थोडे घरचे.
पावतीवर पीठ होतं. झटकलं नाही.

हक्कसोडपत्राचा मसुदा आता फ्रिजवर आहे,
लोणच्याच्या बरणीखाली.
त्यात कुंदाचं नाव अकरा वेळा येतं.
ती सही करेल, नाही करेल,
हिस्सा मागेल. मागू दे बापा.
सव्वा टक्का थांबेल.

नंबर मिळाला. काल रात्री लावला.
तिकडून एक बाई म्हणाली, "कोण?"
मला कळेना
स्वतःला तिची कोण म्हणून सांगावं.
मी प्लॉटचा नंबर सांगितला.
बराच वेळ तिकडचा पंखा ऐकू येत राहिला,
मग ती म्हणाली,
"एकतीस. हो.
नळ डाव्या बाजूलाच आहे ना, अजून?"